ईव्हीसाठी हलके साहित्य घडवायचे असेल, तर शाखा कोणती?

सप्रेम नमस्कार.

घाटंजी तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुलीला विजेवरच्या वाहनांसाठी (ईव्ही) हलके, पर्यावरणपूरक साहित्य तयार करण्याच्या क्षेत्रात जायचे आहे. नातेवाईक कॉम्प्युटरचा आग्रह धरतात, आणि एक खासगी महाविद्यालय ‘ईव्ही इंजिनिअरिंग’च्या पदवीसाठी मॅनेजमेंट कोट्यातून मोठी रक्कम मागत आहे, त्यासाठी दोन एकर विकावे का, असे आपण विचारले आहे. शेत विकू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. मुलीची ओढ मात्र योग्य दिशेची आहे.

विजेवरच्या मोटारीत बॅटरीचेच वजन काहीशे किलो भरते. बाकीची गाडी हलकी झाली, तर तेवढेच अंतर लहान बॅटरीवर कापता येते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 7.85 ग्रॅम, ॲल्युमिनियमची 2.7 आणि मॅग्नेशियमची 1.74 आहे, पण केवळ हलकेपणा पुरेसा नाही. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला प्रचंड वीज लागते, तर भंगारातून तेच पुन्हा घडवायला त्याच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा पुरते. कार्बन फायबर, म्हणजे कार्बनचे बारीक धागे, हलके आणि मजबूत असले, तरी ते ज्या रेझिनमध्ये (धाग्यांना धरून ठेवणाऱ्या राळेसारख्या पदार्थात) बसवतात ते बहुधा एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही, म्हणून गाडी मोडीत निघाल्यावर त्याचे काय करायचे हा प्रश्न उरतो.

नैसर्गिक धाग्यांचा विचार इथेच सुरू होतो. 2013 मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ‘आय-3’ मोटारीत दारांच्या आतल्या पॅनेलसाठी केनाफचा, म्हणजे आपल्या अंबाडीचा, धागा वापरला होता. असा धागा प्लास्टिकमध्ये मिसळून भाग घडवतात, पण तो पाणी शोषतो आणि प्लास्टिकला नीट धरत नाही, म्हणून त्यावर अल्कलीची (कॉस्टिक सोड्यासारख्या क्षाराची) प्रक्रिया करावी लागते. त्याहून अवघड अडचण एकसारखेपणाची आहे. एकाच शेतातल्या पहिल्या आणि शेवटच्या वेचणीच्या कापसात किती फरक पडतो हे आपण जाणताच. कारखान्याला मात्र हजारावा भागही पहिल्यासारखाच हवा असतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर उमगेल, असे मला मनापासून वाटते.

हे प्रश्न सोडवणारी माणसे धातुशास्त्र व मटेरिअल्स, पॉलिमर किंवा मेकॅनिकल या मूळ शाखांतून येतात. पदवीच्या नावात ‘ईव्ही’ असण्याची गरज नाही. पाया पक्का असेल, तर ईव्हीचा विषय पुढे शिकता येतो. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातुशास्त्र व मटेरिअल्सची शाखा असून तिथला प्रवेश जेईई मेनच्या गुणांवर होतो. नागपूरलाच एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) प्लास्टिक व पॉलिमर तंत्रज्ञान शिकवले जाते. नागपूरजवळच्या वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरूंच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे प्रकल्पाची संधी आहे का, हे मुलीने पुढे अवश्य विचारावे. धाकट्या मुलाला दहावीनंतर डिप्लोमा करायचा असेल, तर प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या सिपेट या केंद्र सरकारी संस्थेचे चंद्रपूरचे केंद्र पाहावे.

शुल्काविषयी एक महत्त्वाची गोष्ट. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग किंवा इतर मागास वर्गातील, वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मुलींना राज्य सरकारने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत दिली आहे. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. आपण निवडाल त्या महाविद्यालयाला ती लागू आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे, आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवावा.

नोकरीबाबत आशा लावण्यापेक्षा खरे सांगतो: या क्षेत्रातले डिझाइन आणि चाचणीचे काम सध्या मुख्यतः पुणे, चेन्नईकडे आहे, आणि संशोधनाच्या जागांसाठी बहुधा एम.टेक. लागते. गेट या पदवीनंतरच्या राष्ट्रीय परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे तो खर्च घरावर पडेलच असे नाही. नातेवाईकांचा आग्रहही पूर्णपणे निराधार नाही. भाग बनवण्यापूर्वी त्याची ताकद संगणकावर तपासली जाते, म्हणून या शाखेत राहूनही मुलीने प्रोग्रामिंग शिकावे.

प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्यापूर्वी जेईई आणि सीईटीचे गुण कळवा, आणि ते पत्र शक्यतो मुलीने स्वतः लिहावे.