फ्रीबीएसडी वर्कस्टेशनला कायमचा आयपी कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न वाचला. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये फ्रीबीएसडीचं (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) एक वर्कस्टेशन आहे, ड्रॉइंगं आणि सीएनसीचे प्रोग्राम सगळे त्यावर, आणि लाईट जाऊन आली की आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा नंबर, बदलतो आणि मशीनवरची पोरं प्रोग्राम मिळंना म्हणून बोंबलतात. हे लगेच मिटतंय, फाइलीत दोन-तीन ओळीच लिहायच्या आहेत. खरं काम आहे ते नंबर कुठला घ्यायचा ते ठरवायचं, आणि लोक नेमकं तेच उरकून टाकतात.

आत्ता मशीन चालू आहे ना, मग राउटरनं दिलेली माहिती आधी कागदावर उतरून घ्या. इफकॉन्फिग ही कमांड मारली की नेटवर्क कार्डाचं नाव (ईएम झिरो, आरई झिरो असं काहीतरी), आयपी आणि नेटमास्क दिसतो, फक्त तिथं नेटमास्क हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ वापरून लिहिलेला) दिसू शकतो, एफ सहा वेळा आणि मग दोन शून्यं म्हणजे २५५.२५५.२५५.०. नेटस्टॅट वजा आरएन मारलं की डिफॉल्टसमोर गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा आयपी), आणि ईटीसी फोल्डरातल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलीत डीएनएस (साईटच्या नावावरून नंबर सांगणारा सर्व्हर).

आता नंबर. राउटरच्या पानावर डीएचसीपीची रेंज बघा, म्हणजे राउटर आपोआप कुठले नंबर वाटतो ते. समजा तुमचे आयपी १९२.१६८.१ नं सुरू होतात आणि तो शेवटचा आकडा १०० ते १९९ वाटतोय, तर तुम्ही १९२.१६८.१.५० घ्या, रेंजच्या आतला अजिबात नको, नाहीतर आज चालेल आणि एक दिवस तोच नंबर कुणाच्या तरी मोबाईलला जाईल. ५० मोकळा आहे का ते बघायला पिंग करा (त्या नंबरला हाक मारून उत्तर येतं का बघायची कमांड), पण उत्तर आलं नाही म्हणजे मोकळाच असं धरू नका, विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देत नाही. पिंगनंतर लगेच एआरपी वजा एएन मारा, ५० समोर मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) दिसला तर कुणीतरी बसलंय तिथं, इनकम्प्लीट आलं तर त्या घडीला तरी कुणी नाही. बंद असलेला प्रिंटर किंवा सीएनसी यात दिसणार नाही, त्यामुळं सगळं चालू असताना बघा.

मग ईटीसीतल्या आरसी डॉट कॉन्फची एक कॉपी काढून ठेवा आणि फाइल उघडा. इफकॉन्फिग अंडरस्कोर कार्डाचं नाव अशी ओळ असेल, तिच्यात अवतरणात डीएचसीपी लिहिलेलं असेल, ते काढून तिथं आयनेट १९२.१६८.१.५० नेटमास्क २५५.२५५.२५५.० लिहा. दुसरी ओळ डिफॉल्टराउटरची, अवतरणात गेटवेचा नंबर. ही फाइल शेल वाचतं, त्यामुळं बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस चालत नाही आणि शेवटचं अवतरण राहिलं तर बूटच अडकू शकतं, म्हणून कॉपी म्हटलं. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नेमसर्व्हरची ओळ आहे ना बघा, तीनपर्यंत चालतात.

नुसतं इफकॉन्फिगनं नंबर देऊ नका, रीबूट झालं की तो जातो, आणि तुमचं दुखणंच लाईटचं आहे.

आता सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट आणि लगेच सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट. दुसरी विसरली की आतलं सगळं चालतं पण इंटरनेट बंद, कारण पहिलीनं डिफॉल्ट रूट उडतो. हे एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लांबून, करू नका, मशीनसमोर बसून करा. मग आधी गेटवेला पिंग, मग इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला, मग एखाद्या साईटच्या नावाला. गेटवेच लागत नसेल तर नंबर, मास्क किंवा केबल बघा. ८.८.८.८ लागला आणि नाव लागलं नाही तर डीएनएस, बाकी काही उचकटू नका. शेवटी एकदा रीबूट करून परत तपासा.

राउटरमध्ये मॅकवर आयपी बांधून ठेवता येतो हे खरंय, पण इंटरनेटवाला राउटर बदलून गेला की ते सगळं गेलं, म्हणून प्रोग्रामचं मशीन असेल तर मी त्याच्या आतच लिहितो.

आणि पुढं कधी अधूनमधून तुटायला लागलं तर डीमेसेज (सिस्टिमचे संदेश दाखवणारी कमांड) बघा. दुसऱ्या कुणी तुमचा नंबर घेतला असेल तर अमुक मॅक माझा आयपी वापरतोय अशी ओळ फ्रीबीएसडी स्वतःच टाकतं, तो मॅक राउटरच्या यादीत शोधला की मशीन सापडतं.