वाचकांचे प्रश्न : ग्लुटेनविरहित भाज्यांचा कीश

कीश, म्हणजे पिठाच्या पारीत अंडी, दूध, चीज व भाज्यांचे सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. त्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली असून जागेअभावी पत्रे संक्षेपाने छापली आहेत. बहुतेकांची तक्रार पिठाबद्दल आहे. माझ्या मते मात्र या पदार्थात पिठापेक्षा पाणी आणि आच यांनीच अधिक माणसांना रडवले आहे, त्यामुळे उत्तरांचे माप त्या बाजूला जड झाले आहे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : माझ्या मुलीला सीलिअॅक आजाराचे, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराचे, निदान झाले आहे. तिच्यासाठी तांदळाच्या पिठाची पारी करून भाज्यांचा कीश करण्याचा मी दोनदा प्रयत्न केला; परंतु लाटलेली पारी उचलताना तिचे तुकडे होतात. एखादी सोपी रीत सांगाल का?

उत्तर : पारी लाटूच नये. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले, की त्यातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकमेकांत गुंततात व ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार होते. लाटलेली पारी पोळपाटावरून अखंड उचलता येते ती या जाळ्यामुळे. तांदळाच्या पिठात ते नसते, म्हणून आपण कितीही हलक्या हाताने उचललीत तरी पारीला स्वतःचाच भार पेलत नाही. मात्र याच उणिवेचा एक फायदा आहे. हे पीठ जास्त मळले म्हणून वातड होत नाही आणि भाजताना ताणलेल्या रबरासारखे मागे ओढलेही जात नाही. त्यामुळे ते थेट टिनमध्ये बोटांनी थापावे, आणि जेथे फाटेल तेथे चिमूटभर पिठाचे ठिगळ लावून मोकळे व्हावे.

२३ सेंटिमीटर व्यासाच्या टिनसाठी १३० ग्रॅम तांदळाचे बारीक पीठ, ७० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि अर्धा चमचा मीठ एकत्र चाळावे. त्यात १०० ग्रॅम थंडगार लोण्याचे तुकडे घालून, मोहन चोळतो तसे, मिश्रण रवाळ होईपर्यंत बोटांच्या टोकांनी चोळावे. मग एक अंडे फोडून घालावे आणि गोळा जमेल एवढेच, म्हणजे एक-दोन मोठे चमचे, गार पाणी घालावे. झॅन्थन गम (पीठ एकत्र धरून ठेवणारी पूड) घरात असल्यास पाव चमचा घालण्यास हरकत नाही, परंतु केवळ त्यासाठी बाजारात जाण्याचे कारण नाही. थापण्याच्या पारीला अंड्याचा चिकटपणा पुरतो. गोळा अर्धा तास झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. तांदळाच्या पिठाचे कण पाणी सावकाश पितात, आणि ही विश्रांती टाळल्यास भाजलेली पारी दाताखाली कचकचते. नंतर टिनला लोणी लावून गोळा तळावर व कडेने सारख्या जाडीचा थापावा, काट्याने टोचावा आणि १८० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे, कडा बदामी होईपर्यंत, नुसताच भाजून घ्यावा. गरम पारीवर अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवून ती आणखी दोन मिनिटे ओव्हनमध्ये ठेवली, की टोचलेली भोके बुजतात आणि सारण खाली झिरपत नाही.

सारणासाठी चार अंडी आणि ३२० मिलिलिटर दूध व क्रीम, दोन्ही सम प्रमाणात, घ्यावे. अंडी फेसाळेपर्यंत घुसळू नयेत, कारण फेसामुळे कीश ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर येताच खचतो. पांढरे व पिवळे एकजीव झाले की हात थांबवावा. यात ८० ग्रॅम किसलेले चीज, मीठ, मिरपूड व किंचित जायफळ घालावे. भाज्या शिजवून २५० ग्रॅम भराव्यात एवढ्या घ्याव्यात, म्हणजे कच्च्या असताना साधारण त्याच्या दुपटीने.

आपण सोपी रीत विचारली आहे, म्हणून हेही सांगायला हवे की पारी नसली तरी काही बिघडत नाही. कीशमधले सारे ग्लुटेन पारीतच असते; उरलेला पदार्थ, म्हणजे अंडी, दूध, चीज आणि भाज्या, मुळातच ग्लुटेनविरहित आहे. टिनला लोणी चोळावे, सारणात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थोड्या गार दुधात कालवून घालावे आणि मिश्रण थेट ओतावे. मधल्या वारी भूक लागली असता मी असाच करते, आणि घरात अजून कोणी पारी कुठे गेली असे विचारलेले नाही. खाली काही कुरकुरीत हवेच असेल, तर दोन मोठ्या बटाट्यांचा कीस घट्ट पिळून, त्यात चमचाभर लोणी घालून तो तळावर व कडेने थापावा आणि २०० अंशांवर अर्धा तास तांबूस होईपर्यंत भाजावा.

प्रश्न : माझा कीश वरून सुरेख दिसतो, पण कापल्यावर खाली पाणी साचलेले असते. पालक, मशरूम आणि टोमॅटो घातले होते. अंडी वाढवावीत का?

उत्तर : अंडी वाढवू नयेत, पाणी कुठून आले ते आधी पाहावे. ते दोन वाटांनी येते आणि त्या दोन्ही कापलेल्या तुकड्यावर ओळखता येतात. तुकड्याच्या बाजूने पाहिले असता सारण गुळगुळीत दिसत असेल आणि ओल केवळ भाज्यांच्या भोवती व तळाशी असेल, तर दोष भाज्यांचा आहे. सारणातच स्पंजासारखी बारीक भोके दिसत असतील, तर दोष आचेचा आहे.

आपण निवडलेल्या तिन्ही भाज्यांत वजनाच्या नऊ-दशांशाहून अधिक पाणी असते. ते कढईत काढले नाही तर ओव्हनमध्ये निघणारच. पालक नुसताच, तेलाशिवाय, गरम कढईत दोन मिनिटे फिरवावा, गार होऊ द्यावा आणि मग पातळ कापडात घालून पिळावा. चाळणीत निथळत ठेवणे पुरेसे नाही. मागच्या खेपेस मी २५० ग्रॅम पालक असा पिळला, तेव्हा हातात लिंबाहून थोडा मोठा गोळा उरला आणि खालच्या वाटीत गडद हिरवे पाणी निम्म्यापर्यंत आले. ते पाणी अन्यथा कीशच्या तळाशी गेले असते. मशरूमचे काप कोरड्या, तापलेल्या तव्यावर पसरावेत. प्रथम ते आवाज करतात, मग पाणी सुटून त्यातच उकळू लागतात, आणि पाणी आटले की पुन्हा चुरचुरतात. हा दुसरा आवाज ऐकू आल्याखेरीज लोणी व मीठ घालू नये. टोमॅटो सारणात मिसळूच नये; बिया व गर काढून, कापलेली बाजू वर करून, पृष्ठभागावर ठेवावा, म्हणजे त्याचे पाणी ओव्हनच्या उष्णतेने वरच्या वर उडून जाते. ब्रोकोली उकडून घातल्यास तिचे तुरे स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात, म्हणून ती २०० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजलेली बरी. कोणतीही भाजी गार झाल्यावरच भरावी, आणि पारीवर आधी निम्मे चीज पसरून मग भाज्या घालाव्यात.

आता आचेविषयी. दूध मिसळलेले अंडे साधारण ८० अंशांच्या आसपास आळते. त्यापुढे तापत राहिले तर अंड्यातील प्रथिने इतकी आकसतात, की त्यांनी धरलेले पाणी ती स्वतःच पिळून बाहेर टाकतात. मघाशी सांगितलेले कॉर्नफ्लोअर येथे कामी येते, कारण स्टार्च प्रथिनांच्या मध्ये येऊन हे आकसणे लांबवतो. तरीही त्याच्या भरवशावर ओव्हन विसरून जाणे योग्य नाही. पारी १८० अंशांवर भाजली तरी सारण भरल्यावर ओव्हन १६५ वर आणावा. ३५ मिनिटांनी टिन हलकेच हलवून पाहावा. कडा घट्ट आणि मधला तळहाताएवढा भाग जेलीसारखा थरथरणारा असेल, तर कीश झाला. मध्य लाटेसारखा हेलकावत असेल, तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. थर्मामीटर असल्यास मध्यभागी ७५ ते ८० अंश दिसले की काढावा. मध्य पूर्ण घट्ट होण्याची वाट पाहणे हीच बहुतेकांची चूक असते, कारण बाहेर काढल्यावरही आतील उष्णता काम करतच राहते. त्यानंतर किमान २० मिनिटे सुरी लावू नये. घाईने कापलेल्या कीशमधूनही थोडे पाणी येते, आणि मग दोष नाहक पालकाला दिला जातो.

प्रश्न : या पदार्थाचे नाव क्विश, किश की कीश?

उत्तर : कीश. फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांताचा हा पदार्थ, आणि त्याचे नाव केक या अर्थाच्या ‘कूखन’ या जर्मन शब्दाशी नाते सांगते. शब्दाचा एवढा कीस पुरे.

प्रश्न : पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ असे छापलेले पीठ आणले, तर आणखी काही पाहण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि सीलिअॅक असलेल्या व्यक्तीसाठी ती पिठाइतकीच महत्त्वाची आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, परंतु पाकिटाने पाळलेली ही मर्यादा आपल्या ओट्यावर सहज मोडते. मैदा चाळलेली चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ राहते. चिरा गेलेल्या लाकडी लाटण्याचेही तसेच. ही दोन्ही वेगळी ठेवावीत. पावाला लोणी लावलेली सुरी ज्या डब्यात बुडवली गेली असेल, त्या डब्यातील लोणी घेऊ नये. बेकिंग पावडर, मोहरीची तयार पूड आणि सोया सॉस यांत गहू असू शकतो, म्हणून घटकांची यादी वाचावी. ओट्स निर्धोक समजले जातात, पण ते गव्हाच्या किंवा बार्लीच्या संपर्कात येण्याचा संभव मोठा असल्याने तेही ‘ग्लुटेन फ्री’ असा उल्लेख असलेलेच घ्यावेत. आणि ज्यांना केवळ शंका आहे, त्यांनी तपासणीपूर्वी आपण होऊन ग्लुटेन सोडू नये. त्यामुळे तपासणीचे निष्कर्ष चुकू शकतात.

प्रश्न : आम्ही अंडी खात नाही. कीश जमेल का?

उत्तर : कापता येईल असा, चवदार पदार्थ जमेल; अंड्याच्या कस्टर्डचा मऊपणा मात्र येणार नाही, हे मनाशी धरूनच करावा. ३५० ग्रॅम मऊ टोफू, तीन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे तेल, मीठ आणि थोडा लिंबाचा रस मिक्सरमधून गुळगुळीत वाटावे आणि त्यात वरीलप्रमाणे कोरड्या केलेल्या भाज्या घालाव्यात. येथे आळण्याचे काम बेसन व कॉर्नफ्लोअरमधील स्टार्च करतो आणि त्याला अधिक उष्णता मानवते, म्हणून ओव्हन १८० अंशांवर ठेवून ४० ते ४५ मिनिटे भाजावे, आणि या वेळी मध्य थरथरता नको, घट्टच हवा. कमी भाजल्यास बेसनाचा कच्चा वास राहतो. पारी करायची असल्यास अंड्याऐवजी मोठा चमचाभर इसबगोल तीन चमचे पाण्यात भिजवून घालावा. बेसनही गहू दळला जात नाही अशाच ठिकाणचे असावे.

प्रश्न : आदल्या दिवशी करून ठेवला तर चालेल का?

उत्तर : चालेल, किंबहुना पूर्ण गार झालेला कीश अधिक सफाईने कापला जातो. ओव्हनमधून काढल्यावर दोन तासांच्या आत तो फ्रिजमध्ये जावा आणि तीन-चार दिवसांत संपावा. गरम करताना १६० अंशांच्या ओव्हनमध्ये, वर फॉइल सैलसर झाकून, १५ ते २० मिनिटे ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये पारी मऊ पडते आणि सारण रबरासारखे होते. पारी आणि पिळलेल्या भाज्या एवढेच आदल्या दिवशी करून, सारण ऐनवेळी कालवून भाजले, तर पारीचा खुसखुशीतपणा सर्वांत चांगला टिकतो.