राखून ठेवलेला मान्ना

'ताई, नवऱ्याचं काम गेलं ती दोन वर्षं आम्ही प्रार्थनेवर काढली. कुणी ना कुणी दार वाजवायचं आणि दिवस निभायचा. आता दोघांचंही बरं चाललंय, तरी मी रोज रात्री पासबुक उघडून बसते. कुणाला द्यायचं म्हटलं की हात आखडतो. हे मात्र मागेल त्याला देऊन मोकळे. "देवाने तेव्हा दिलं, पुढेही देईल, साठवतेस कशाला?" म्हणतात. पदरात काही नसताना माझा विश्वास होता, आता का डळमळतो? मी कृतघ्न आहे का?'

कृतघ्न हा शब्द आधी खोडून टाक. तू घाबरलेली आहेस, आणि अशी दोन वर्षं काढलेली बाई घाबरणारच. तेव्हा राखायला काही नव्हतं, म्हणून गमावायची धास्तीही नव्हती. प्रेषित पौल बंदिवासातून फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की विपन्नतेत राहायचं आणि संपन्नतेतही राहायचं, दोन्ही तो शिकला. संपन्नतासुद्धा शिकावी लागते! तुझा तो धडा आत्ता कुठे सुरू झालाय.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16वा अध्याय तू ऐकला असशीलच, तरी एकदा सावकाश वाच. इस्राएल लोकांनी अरण्यात मान्ना, म्हणजे देवाने रोज दिलेलं अन्न, माणशी एक ओमर (एक माप) गोळा करायचा, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही. काहींनी तरीही ठेवला; त्यात किडे पडले, घाण सुटली. तुझ्या नवऱ्याला बहुधा एवढंच आठवतंय. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवा, असं देवच सांगतो, कारण शब्बाथाला, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवशी मान्ना मिळणार नसतो. तो साठा सडत नाही. पुढे एक ओमर पात्रात भरून पिढ्यान्‌पिढ्या राखायला सांगितलाय, अरण्यात काय खाऊ घातलं ते पुढच्यांना दिसावं म्हणून. मान्ना तोच. भीतीने दडवलेला सडला, गरजेपुरता ठेवलेला टिकला, आठवणीसाठी ठेवलेलाही टिकला.

तुझा साठा यातला कुठला, ते तू एकटीने ठरवू नकोस. दोघं बसा, किती महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा तो आकडा कागदावर लिहा. तो जमला की पासबुक महिन्यातून एकदाच उघडायचं. नवऱ्याला सांग, प्रभू येशूच्या 'उद्याची चिंता करू नका' यात चिंता करू नका म्हटलंय, तरतूद नको असं नाही. थोड्याशा भाकरींत पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, 12 टोपल्या भरल्या. इतकं देऊ शकणाऱ्यानेही काही वाया जाऊ दिलं नाही. आणि दोघांच्या कमाईतलं परस्पर देऊन टाकायचं, हा माझ्या मते विश्वासाचा नाही, घरातल्या बोलण्याचा प्रश्न आहे.

आता तुझं आठवणीचं पात्र. पासबुकाच्या त्या रात्रीच्या वेळेत एक वही घे. त्या दोन वर्षांत कुणी दार वाजवलं, काय आणलं, त्या दिवशी घरात काय स्थिती होती, आठवेल तसं लिही. रोज एकच प्रसंग पुरे. देणं त्यानंतर सुरू कर, आणि थोडक्यापासून. आखडलेला हात एका दिवसात सैल होत नाही.

वहीत पहिलं नाव कुणाचं येतं ते बघ. त्या दिवशी नेमकं काय निभावलं, हे त्या माणसाला तू कधी सांगितलंयस का?