आयर्विनला पाणी किती?

सांगली,
२६ एप्रिल

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले. ‘सर, काही सुचत नाही. सगळं फिकं वाटतं. तुम्हाला रोज चित्र काढायला प्रेरणा कुठून मिळते?’ उत्तर मेसेजनंच द्यायचं होतं, पण काचेवर माझा अंगठा धड चालत नाही. त्यापेक्षा वहीत लिहून नातवाकरवी फोटो पाठवणं बरं. अक्षर लागलं नाही तर आईला विचार. तिनंही माझंच फळ्यावरचं वाचून चित्रकलेची परीक्षा दिली आहे.

आधी दोन प्रश्न. झोप लागते ना? जेवण जातं ना? नसेल आणि असं कित्येक आठवडे चाललेलं असेल, तर हे पत्र बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. तिथं चित्रकलेच्या मास्तरानं नाक खुपसू नये. सगळं ठीक असेल तर पुढं वाच.

वर्गात कुणी ‘सर, मूड नाही’ म्हटलं की मी काय म्हणायचो, आठवतं? पेन्सिलीला टोक कर. तू तर टोक करता करता निम्मी पेन्सिल संपवायचीस. पण टोक होईपर्यंत तुझं लक्ष खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर गेलेलं असायचं आणि मग कागदावर काहीतरी उमटायचंच. प्रेरणेबद्दल मला ठाऊक असलेलं सगळं साधारण एवढंच आहे. बाकीचं पत्र त्या खिडकीबद्दल.

तू लिहितेस, चार दिवस कुठंतरी लांब जावं म्हणतेय, हिमालयात वगैरे. जा की. मीही निवृत्त झाल्यावर हौसेनं काश्मीरला गेलो होतो. सात दिवस, तेवढीच मुक्कामं, मोबाइलमध्ये सहाशेवर फोटो. बरोबर नेलेली स्केचबुकं मात्र कोरीच परत आली. दल सरोवरासमोर मी पेन्सिल घेऊन अर्धा तास बसलो होतो. सुंदर होतं, त्याबद्दल वाद नाही. पण कालच्यापेक्षा आज तिथं काय वेगळं आहे, हे मला कळत नव्हतं. कसं कळणार? कालचं मी पाहिलंच नव्हतं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकलो आणि एका बैठकीत तीन पानं भरली. बदल दिसायला आधी नेहमीचं पाठ असावं लागतं, हे मला वयाच्या साठीत कळलं. तू तिशीच्या आत समजून घे, वेळ वाचेल.

आयर्विनचं तुला काय सांगायचं? कृष्णेवरचा १९२९ सालचा दगडी पूल, पलीकडं सांगलवाडी, शाळेत निबंधात लिहून लिहून त्याचा चोथा झालेला. पण हे गाव त्या पुलाकडं बघतं कसं, याचा कधी विचार केलास? जुलै लागला की भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : आयर्विनला किती? चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. कोयनेतून किती सोडलं, चांदोलीतून किती, पाणी चढतंय की उतरतंय. २०१९ साली ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा हा प्रश्न जिवावरचा होता. तुमच्या घरातल्या भिंतीवर तेव्हाची ओल अजून असेल. त्या पाण्याचं कौतुक मी करणार नाही. पण ज्या वर्षी पाणी गुमान तिशीत राहतं, त्या वर्षीही लोक छत्र्या घेऊन, पोराला खांद्यावर बसवून, ते बघायला येतात. तिकीट नाही, दुकान नाही. अर्धा तास गढूळ पाण्याकडं बघायचं आणि ‘काल त्या दगडापर्यंत होतं’ असं म्हणून घरी जायचं. याला मी सहल म्हणतो. माझ्या मते सांगलीतली सर्वांत चांगली.

आता एप्रिलमध्ये नदी पार खाली आहे. मी एकच खांब काढतो, कायम तोच. त्यावर पाण्यानं दरवर्षी ओढलेल्या रेघा आहेत. खालची हिरवट, मधली राखी, वरची जेमतेम दिसणारी. सकाळी ऊन एका अंगानं येतं तेव्हा दगडावरचा टाकीचा घाव न् घाव दिसतो, दुपारी काहीच दिसत नाही. या खांबाची दोनशेच्या वर चित्रं झाली असतील. बरी त्यात सात-आठ. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘रोज चित्र काढतो’ म्हटलं की तुम्हाला वाटतं रोज चांगलं निघतं.

एकटा जात नाही मी. गुरुवारी आम्ही चौघं हरिपूरपर्यंत चालत जातो : एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एक हळदीच्या अडतीवर हिशेब लिहून म्हातारा झालेला दिवाणजी, एक कंपाउंडर आणि मी. चौघांचं एका विषयावर एकमत झालेलं मला आठवत नाही. कंपाउंडर तर केवळ भडंगासाठी येतो, हे तो स्वतःच सांगतो. संगमेश्वराच्या देवळाखाली घाटावर बसायचं, समोर वारणा येऊन कृष्णेला मिळते तिकडं तोंड करून. शेवटच्या पायरीवर बसायचं नाही, नदीत मगरी आहेत. (तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना हे सांग, विश्वास ठेवणार नाहीत.)

एकदा पावसाळ्यात मी संगमाचं चित्र रंगवत होतो. पाणी सगळं एकाच तपकिरी रंगात उरकलं होतं. ड्रायव्हर मागून वाकून म्हणाला, “मास्तर, दोन नद्या हायत ना? मग रंग एकच कसा?” बघतो तर खरंच, पलीकडून येणारं पाणी तांबूस होतं, अलीकडचं मातकट, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दोघं शेजारी शेजारी वाहत होती, मधे दोरी आखावी तशी. मी चाळीस वर्षं रंग शिकवले आणि मला ते दिसलं नाही. त्यानं तेवढीच वर्षं काचेतून रस्ता बघितला होता, ओला कुठला आणि कोरडा कुठला हे ओळखण्यावर त्याच्या गाडीतल्या पन्नास माणसांचा जीव होता. त्याला दिसलं. मित्र कशाला हवेत, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. दिवाणजीला हळकुंड मोडल्याचा आवाज ऐकून ते किती वाळलंय ते कळतं. हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. दिवाणजी त्या वाटेनं जाताना आजही पाय जपून टाकतो, खाली पेव आहे असं समजून. आम्ही त्याला हसतो, आणि त्याच्या मागं जपूनच चालतो.

तुला मित्र-मैत्रिणी आहेत, हे मला माहीत आहे. फोटोत दिसतात. पण तुम्ही दर वेळी नवं हॉटेल शोधता, असं तूच लिहिलंस. महिन्यातून एकदा तरी एकाच जागी जाऊन बघा. तू कोथरूडला राहतेस, वेताळ टेकडी तुझ्या परसात आहे. वरच्या जुन्या खाणीत पाणी साठतं, तिथं बसा. फेब्रुवारीत गिरिपुष्पाचा गुलाबी बहर तू चुकवलास, असो. जूनच्या तोंडावर तिथं नवरंग पक्षी येतो. दिसायचा नाही लवकर, दोन सुरांची शीळ ऐकू येईल. पहिल्या दिवशी कुणालाच काही दिसणार नाही. कुणीतरी कंटाळेल, कुणीतरी चहा कुठं मिळतो ते विचारेल. चालायचंच. चौथ्या खेपेला कुणीतरी म्हणेल, ‘मागच्या वेळी पाणी इथवर नव्हतं ना?’ ज्यानं हे म्हटलं, त्याला सोडू नकोस.

आणखी एक. तू सांगलीत वाढलीस, पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेलीस? नाही ना. दहा किलोमीटरवर आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून ही कला निघाली, म्हणजे तलवारी गेल्या आणि तंबोरे आले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी तुला पाठवतोय ते जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना बघायला. कारागीर तारेखालची घोडी कानशीनं एवढीशी घासतो, परत बसवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा काढतो. तासन् तास. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. मी एकाला विचारलं, झालं हे कसं कळतं? तो म्हणाला, “हात परत कानशीकडं जात नाही तेव्हा झालं.” तुझ्या ऑफिसात साहेब एकेक स्क्रीन अकरा वेळा बदलायला लावतो म्हणून तू रडकुंडीला आली आहेस. साहेबाची बाजू मी घेत नाही, अकरापैकी सहा वेळा तो नुसता मोठेपणा करत असणार. उरलेल्या पाचांत तुझा स्वतःचा हात कितव्या खेपेला थांबला, ते मात्र बघ. तो आकडा साहेबाच्या हातात नाही.

आता घरचं. हा भाग तुला आवडणार नाही, म्हणून शेवटी ठेवला.

तुझे बाबा मंडईत भेटले. म्हणाले, ‘फोन येतो हो तिचा, दर रविवारी. जेवलात का, औषध घेतलं का, बरं ठेवते.’ तक्रारीचा सूर नव्हता. वांगी निवडत होते, कृष्णाकाठची, तुला आवडतात तीच, भरताची. घेतली आणि मग म्हणाले, एवढी कोण खाणार, आणि दोन परत ठेवली.

तुम्हा बापलेकीला बोलायला विषय नाही, एवढीच अडचण आहे. मी एक देतो. वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आपल्याकडं सगळीकडं हे होतं, फक्त गावाच्या अक्षांशाप्रमाणे तारीख बदलते. ऑगस्टमधली खेप ढगांत जाते, म्हणून मे महिन्यातली धरायची. सांगलीत ती ७ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराला थोडा वेळ कमी असताना. सूर्य उत्तरेकडं सरकत सरकत पुण्यावर येतो तो १३ मेच्या सुमाराला.

गेल्या वर्षी नातवाला घेऊन गच्चीवर गेलो होतो. त्यानं स्टीलचा पेला उपडा ठेवला. सावली पेल्याच्या बुडाशी गोळा होत होत गेली, मग उरलीच नाही. पेला जमिनीवर ठेवलेलाच नाही, हवेत आहे, असं दिसायला लागलं. पोरगं पेल्याभोवती फिरून फिरून सावली शोधत होतं. बायको खालून ओरडत होती, उन्हात काय करताय, डोकं फिरेल. मग तीही वर आली आणि स्वतःची सावली शोधायला लागली. तिची साडीच्या घेरात गेली होती. पाच मिनिटांचा खेळ. पाय भाजले ते वेगळे. पण त्या दिवशी जेवताना आम्ही तिघं त्याबद्दलच बोलत होतो, आणि टीव्ही लावायचा राहून गेला.

तर मी तुझ्या बाबांना ७ तारखेला गच्चीवर बोलावलंय. पेला घेऊन येतो म्हणाले. बाराच्या पुढं तू फोन कर आणि त्यांना फक्त विचार, आता किती राहिली. तेरा तारखेला तू ऑफिसच्या गच्चीवर जा, आणि त्यांना विचारू दे. त्यांची सावली सहा दिवसांनी तुझ्यापर्यंत पोचते, असं मी त्यांना सांगितलं. खगोलशास्त्राला ते मान्य होणार नाही. त्यांनी मात्र मान डोलावली.

अंधार व्हायला लागलाय. वळवाचं आभाळ भरून आलंय आणि पुलावरून बघायचं राहून जाईल, म्हणून आटोपतो. जूनमध्ये पाऊस लागला की फोन कर. तब्येत कशी आहे, हे विचारू नकोस, या वयात त्याचं उत्तर फार लांबतं. आयर्विनला पाणी किती, ते विचार.

तुझे
चित्रकलेचे सर

ता. क. भडंगाचं पुडकं बाबांकडं दिलंय, ते पाठवतील. कांदा-कोथिंबीर तिथं घाल, आणि एकटीनं संपवू नकोस.