खाडा पडल्यावर दुसऱ्या दिवशी काय, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : रोज सकाळी अर्धा तास व्यायाम आणि रात्री अंथरुणात फोन नाही, या दोन सवयी लावायच्या होत्या. त्यासाठी तुम्ही सवयी मोजणारं ॲप घेतलं, मनगटाला बँड लावला, फोनला वेळेची मर्यादा घातली. दीड-दोन महिने छान चाललं. मग तापाने आडवे झालात, ॲपमधला सलग दिवसांचा आकडा शून्यावर आला आणि त्यानंतर ते ॲप उघडावंसंच वाटेना. व्यायाम एरवी आवडतो, पण तोही सुटला. आता ‘चुकलं की पैसे कापणारं’ ॲप घ्यावं का, असं विचारताय.

माझं उत्तर : फोनसाठी घ्या, व्यायामासाठी घेऊ नका. आणि दोन्हींसाठी, काहीही विकत घेण्याआधी, खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं याचा नियम कागदावर लिहा. बरीच वर्षं मी ही साधनं स्वतः वापरतोय, इतरांना बसवून देतोय. हा नियम नसला की कितीही हुशार व्यवस्था पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या प्रवासात मोडते.

आधी पैशांबद्दल, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे.

हातात आलेल्या रकमेच्या आनंदापेक्षा तेवढीच रक्कम गेल्याची चुटपुट जास्त असते, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मितेश पटेल आणि सहकाऱ्यांनी ते चालण्यावर लावून पाहिलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २८१ जण होते, लक्ष्य रोज ७,००० पावलं, मुदत १३ आठवडे. एका गटाला लक्ष्य गाठलेल्या दिवसाचे १ डॉलर ४० सेंट मिळायचे. दुसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर मांडून ठेवलेले असायचे आणि हुकलेल्या प्रत्येक दिवसाचे १ डॉलर ४० सेंट त्यातून वजा व्हायचे. महिनाअखेरचा हिशेब दोघांचा सारखाच. तरी पैशांशिवाय चालणाऱ्यांनी साधारण ३० टक्के दिवस लक्ष्य गाठलं, बक्षीसवाल्यांनी ३५ टक्के आणि वजाबाकीवाल्यांनी ४५ टक्के.

म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे, वजाबाकी चालते. पण याच प्रयोगाचा पुढचा भाग फार कमी जण सांगतात. १३ आठवड्यांनी पैसे थांबवून आणखी १३ आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा गटांमधला फरक उरला नाही. पैशाने माणूस चालायला लागला, पण पैसा गेल्यावर चालत राहायचं दुसरं कारण त्याच्याकडे तयार झालेलं नव्हतं.

दुसरी अडचण अशी की स्वतःचे पैसे अडकवायला मुळात कोणी तयार होत नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१५ साली धूम्रपान सोडण्यावरचा एक मोठा प्रयोग आला होता. नुसत्या बक्षिसाची योजना ९० टक्के लोकांनी घेतली. आधी स्वतःची अनामत ठेवायची योजना घेतली १३.७ टक्क्यांनी. त्यामुळे एकूण सगळे धरले तर बक्षिसाची योजना सरस ठरली. मात्र जे दोन्हीपैकी काहीही घ्यायला राजी झाले असते, त्यांच्यापुरतं पाहिलं तर अनामत जास्त परिणामकारक होती. तुम्ही आपणहून पैसे लावायला निघालाय, तेव्हा तुम्ही त्या थोड्या लोकांमधले आहात. ही जमेची बाजू आहे.

मला यातला सगळ्यात बोलका वाटतो तो फिलिपीन्समधला प्रयोग (२०१० मध्ये प्रसिद्ध झाला, झेवियर जिने, डीन कार्लन आणि जोनाथन झिनमन यांचा). सिगारेट सोडू इच्छिणाऱ्याने सहा महिने बँकेच्या खात्यात पैसे टाकायचे. सहा महिन्यांनी लघवीच्या चाचणीत निकोटिनचा अंश सापडला तर सगळी रक्कम दानात जाणार. विचारलेल्यांपैकी ११ टक्केच तयार झाले. तरीही ज्या गटापुढे ही योजना ठेवली होती, त्यात चाचणीत उत्तीर्ण होणारे ३ टक्के-बिंदूंनी वाढले, म्हणजे दर शंभरात तिघे जास्त. आणि बारा महिन्यांनी अचानक चाचणी घेतली तेव्हाही फरक टिकून होता. इथे रोजची मोजदाद नव्हती, फसवता येणार नाही अशी एकच तपासणी शेवटी होती. हा माझा अर्थ आहे, संशोधकांचा नव्हे, पण रोज उठून आकडा पाहायला लावणाऱ्या व्यवस्थेपेक्षा अशी लांब पल्ल्याची, क्वचित तपासणारी व्यवस्था माणसाला जास्त काळ धरून ठेवते, असं मला वारंवार दिसलंय.

रक्कम किती लावायची? बोचेल इतकी. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना किरकोळ दंड लावला, तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले, कारण आता उशिराचे पैसे भरले की मनाला टोचणी उरत नव्हती. दंड मागे घेतला तरी ती संख्या खाली आली नाही. स्वतःवर लावलेल्या फुटकळ दंडाचंही हेच होतं. ‘जाऊ दे, आजचे पैसे भरले’ म्हणून माणूस निवांत झोपतो.

आणि पंच, म्हणजे तुम्ही ठरलेलं पाळलं की नाही हे सांगणारा माणूस, कोण यावर खूप काही ठरतं. स्टिक-के नावाची सेवा याच कार्लननी येल विद्यापीठातले सहकारी इयान एअर्स यांच्याबरोबर सुरू केली. त्यात तुम्ही करार करता, पंच नेमता आणि हरलात तर पैसे तुम्हाला न पटणाऱ्या संस्थेला जातील अशीही सोय आहे. बीमाइंडर नावाच्या दुसऱ्या सेवेत आकडे शक्य तिथे यंत्राकडून आपोआप येतात, आणि तिची एक गोष्ट मला फार आवडते : लक्ष्य कधीही सैल करा, पण बदल लागू होतो एका आठवड्याने. त्यामुळे आजच्या आळसाला आजचा नियम बदलता येत नाही, आणि विचार करून केलेला बदल मात्र अडत नाही. तुम्ही कुठलंही साधन घ्या, ही आठवड्याची अट स्वतःला लावून घ्या. पंच म्हणून जोडीदार किंवा आई नको. त्या माणसाला तुमची दया येते आणि पहिल्याच चुकीला माफी मिळते. ज्याच्याशी तुमचं बरं आहे पण ज्याला नियम नियमासारखा पाळता येतो, असा एखादा सहकारी बघा.

आता व्यायामावर पैसे का नकोत. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं, बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढायला लागली. तुम्ही स्वतःच लिहिलंय की व्यायाम आवडतो. मग त्याला पैशांचं कारण जोडून आवडीला दुय्यम करू नका. तुमचा व्यायाम कंटाळ्याने सुटलेला नाही, शून्य दिसल्यामुळे सुटला आहे.

त्या शून्याबद्दल मला तळमळीने सांगावंसं वाटतं. सलग दिवसांचा आकडा ॲपवाल्यांना फायद्याचा असतो, कारण तो तोडायची भीती तुम्हाला रोज परत आणते. सवय लागण्याच्या प्रक्रियेशी त्याचा तसा संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. ठरवलेली कृती आपोआप होऊ लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त), पण पसारा केवढा : १८ दिवसांपासून गणिताने काढलेल्या २५४ दिवसांपर्यंत. (२१ दिवसांत सवय लागते, हे जे सगळीकडे ऐकू येतं, ते विसरा.) आणि त्यात स्पष्ट दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावी तशी बाधा येत नाही. तुमच्या डोक्यात दीड-दोन महिन्यांत जे घडलं होतं, ते चार दिवसांच्या तापाने पुसलं गेलेलं नाही. पुसला गेला तो फक्त पडद्यावरचा आकडा.

याहून मोठा पुरावा २०२१ चा आहे. कॅथरीन मिल्कमन, अँजेला डकवर्थ आणि बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून एका व्यायामशाळेच्या साखळीतल्या ६१,२९३ सदस्यांवर चार आठवड्यांचे ५४ वेगवेगळे कार्यक्रम एकाच वेळी तपासले. आठवणीचे संदेश, गुण, वेगवेगळ्या रीतीची बक्षिसं, सगळं होतं. साधारण ४५ टक्के कार्यक्रमांनी येण्याचं प्रमाण वाढवलं. चार आठवडे संपल्यावरही ज्यांचा परिणाम मोजता आला, ते मात्र ८ टक्केच. आणि सगळ्यात वरचढ ठरलेला कार्यक्रम होता, खाडा झाल्यानंतर परत येणाऱ्याला अगदी किरकोळ जादा बक्षीस देणारा. सलग येणाऱ्याचं कौतुक त्याच्याइतकं कामी आलं नाही.

म्हणून ॲपमध्ये सलग दिवसांची खूण लपवता येत असेल तर लपवा. नसेल तर ते ॲप काढा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारा. खाड्यानंतर परत आलात त्या दिवशी दोन फुल्या. ऐकायला बालिश वाटेल, पण तुमच्यासारख्या बऱ्याच जणांना मी हे करायला लावलंय. महिन्याच्या पानावर मधे रिकामी घरं आणि त्यांच्या पुढे जोडफुल्या दिसायला लागल्या की रिकाम्या घरांची भीती जाते.

वेळही फार आवळून धरू नका. गूगलच्या अडीच हजारांवर कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना ठरलेल्या वेळीच व्यायाम केला तर पैसे होते आणि काहींना कधीही केला तरी. नंतर दुसरा गट जास्त टिकला. पहिल्यांना ठरलेली वेळ हुकली की दुसऱ्या वेळी जायचं सुचतच नव्हतं. तुमची सकाळ ठीक आहे, पण सकाळ हुकली तर संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढण्याआधी दहा मिनिटं, असं दुसरं ठिकाण आत्ताच नेमून ठेवा. ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशा वाक्यात लिहा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या साध्या युक्तीवर आयुष्यभर काम केलं आणि २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात तिचा परिणाम भक्कम दिसला.

बँडबद्दल एवढंच : पावलं मोजू द्या, पण पावलांना लक्ष्य करू नका. माझ्या ओळखीतली एक मुलगी रात्री पावणेबाराला पलंगाच्या कडेला बसून मनगट झुलवताना मी पाहिली आहे, कारण दहा हजाराला थोडी पावलं कमी होती. डोळ्यांवर झोप आणि हात चालूच. तो दहा हजाराचा आकडा १९६५ च्या सुमाराला एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आला. आरोग्यशास्त्राने ठरवलेला तो उंबरठा नाही.

आता फोन. इथे पैसे लावा, कारण इथे आवडीचं काही मरणार नाही. पण पैशांआधी अडथळा. फोनमधली वेळेची मर्यादा तुम्ही एका बोटाने बाजूला सारत होतात, म्हणून ती कामी आली नाही. त्याऐवजी ॲप उघडण्याआधी काही क्षण थांबवून ‘खरंच उघडायचंय का’ विचारणारी साधनं आहेत. त्यातल्या वन-सेक नावाच्या साधनाचा २८० जणांवर सहा आठवडे अभ्यास झाला, २०२३ मध्ये आला. लोकांनी ३६ टक्के वेळा तिथल्या तिथे ॲप बंद केलं, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत उघडायचे प्रयत्नच ३७ टक्क्यांनी घटले. सक्ती नव्हती, हात आपोआप जात होता तिथे एका श्वासाची उसंत घातली होती इतकंच.

त्याहून भारी उपाय बिनतंत्रज्ञानाचा आहे. चार्जर झोपायच्या खोलीतून हलवा. नुसता फोन बाहेर ठेवायचं ठरवू नका, वायरच बाहेरच्या प्लगला लावा आणि खोलीत दुसरी वायर राहू देऊ नका. गजरासाठी साधं घड्याळ घ्या, नाहीतर ‘गजर लावायचाय’ म्हणून फोन परत उशाशी येतो. वाक्य असं लिहा : दात घासून झाले की फोन बाहेरच्या वायरला लावेन. पैज फक्त या एका कृतीवर. किती मिनिटं फोन पाहिला यावर नको, कारण मिनिटांवर वाद घालता येतो, वायरवर घालता येत नाही. रोज रात्री पंचाला लावलेल्या फोनचा फोटो पाठवायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, त्याने निवडलेल्या रात्री, तो तुम्हाला फोन करेल. झोपायच्या वेळेनंतर उचललात तर हरलात.

मुदत तीन महिने. नंतर पैसे काढून घ्या, वायर तिथेच राहू द्या. महिनाभराने फोन परत आत आलेला दिसला तर पुन्हा तीन महिन्यांचा करार, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि ताप. करारात आजच लिहून ठेवा : अंगात ताप असेल तर पंचाला सकाळी एक मेसेज, तेवढ्या दिवसांचा हिशेब बंद. ताप उतरल्यावर पहिल्या दिवशी व्यायाम दहाच मिनिटं, अर्धा तास नाही, तब्येत साथ देत असली तरी. त्या दहा मिनिटांच्या दोन फुल्या.