नवीन संसाराचा खर्च: आधी एवढंच धरा

ताई, पहिल्याच महिन्यात सगळीकडे कात्री लावू नका, दमछाक होते. सुरुवातीला तीनच गोष्टी पकडा.

१. ज्वारी वर्षाची भरा. रब्बीची सुगी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याची मालदांडी बाजारात येते, तेव्हाच घ्या. कडक ऊन द्या, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवा. तूरडाळही तशीच. भाजी मात्र रोजच्या गरजेपुरतीच, संध्याकाळी सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत उतरत्या भावात.

२. सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या. ब्रँडेडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात. डॉक्टरांकडून गोळीतल्या घटकाचं नाव लिहून घ्या आणि मिलिग्रॅम तंतोतंत जुळवा. पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी देणं ही नवख्यांची सर्रास चूक आहे आणि ती फार महागात पडते. कृपया करू नका.

३. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं आजच ताडून बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात, पण लोक पैसे भरून झाल्यावर चौकशी करतात. भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला, भेटा.

आणखी एक चूक: सवलत दिसली म्हणून साबण-तेलाचा ढीग आणणं. यादीत नसेल तर घेऊ नका.

विमा कोणता, गुंतवणूक कुठे, हे सहा महिन्यांनी विचारा. जमेल तुम्हाला, नक्की.