बेल्ट बदलूनही गाडीत जळक्या रबराचा वास येत असेल, तर दोष कोठे शोधावा?

आपण लिहिले आहे की एसी लावून गाडी थोडा वेळ चालवली की जळक्या रबराचा वास येतो, गॅरेजमध्ये इंजिनाचा बेल्ट बदलल्यावर काही दिवस तो थांबला होता आणि आता पुन्हा येऊ लागला आहे. गाड्यांच्या दुरुस्तीचेच काम करत असल्यामुळे ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. या वर्णनावरून माझे मत असे की जळत होता तो बेल्टच, पण दोष बेल्टचा नव्हता. चांगला बेल्ट आपोआप जळत नाही. तो ज्या पुलीवरून फिरतो ती जड झाली, अडकली किंवा तेलकट झाली की बेल्ट तिच्यावरून घसरतो आणि त्या घर्षणाने त्याचे रबर तापते. मूळ कारण तसेच ठेवून नुसता बेल्ट बदलला, तर नव्या बेल्टचीही तीच गत होते.

हा बेल्ट क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवरून फिरत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच इंजिनांत वॉटर पंप आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असल्यास त्याचाही पंप चालवतो; शिवाय ताण राखणारा टेन्शनर आणि बेल्टला वळण देणारी आयडलर पुली यांनाही बेअरिंग असतेच. त्यांतले कोणतेही एक खराब झाले की त्याचा भार बेल्टवर पडतो. आपल्याकडे वासाचा संबंध एसीशी दिसत असल्यामुळे पहिला संशय कॉम्प्रेसरवर घ्यावा. एक-दोन दिवस एसी पूर्ण बंद ठेवून नेहमीच्याच रस्त्याने गाडी चालवा. वास थांबला तर कॉम्प्रेसर, त्याचा क्लच (एसी लावल्यावर पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा भाग) किंवा एसीचा वाढीव भार न पेलणारा टेन्शनर, असे तीन मुख्य संशयित उरतात. मात्र काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो आणि एसी बंद असतानाही तो फिरतच राहतो, त्यामुळे अशा गाडीत एवढ्या चाचणीवर निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर इंजिन बंद करून, किल्ली काढून आणि सगळे पुरेसे थंड झाल्यावर बॉनेट उघडा व टॉर्चच्या उजेडात बेल्टची आतली, खाचांची बाजू पाहा. घसरणाऱ्या बेल्टच्या खाचा काचेसारख्या चकचकीत दिसतात, कडेला धागे सुटलेले असतात आणि आसपासच्या कव्हरवर काळी भुकटी साचलेली असते. हल्लीच्या बेल्टचे रबर असे असते की झिजले तरी त्याला भेगा पडतीलच असे नाही, म्हणून ‘भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट ठीक आहे’ हे कोणी सांगितले तर मानू नका. बोटाला तेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) लागले, तर ते टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून, क्रँकच्या पुढच्या ऑइल सीलमधून की वॉटर पंपातून येते, हे आधी शोधावे लागेल. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे अजिबात वापरू नये; त्याने आवाज दबतो, दोष तिथेच राहतो आणि खाचांमध्ये धूळ बसते.

खरा तपास बेल्ट उतरवल्यावरच होतो, आणि मेकॅनिककडून तो आपल्यासमोर करून घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. उतरवण्यापूर्वी बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचा फोटो काढून ठेवावा. मग क्रँकची सोडून प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी: ती खरखर न करता फिरली पाहिजे आणि आत-बाहेर हलवल्यावर डुगडुगता कामा नये. क्लच असलेल्या कॉम्प्रेसरची बाहेरची पुली मोकळी फिरते आणि मधली प्लेट फिरवताना थोडा, पण एकसारखा जोर लागतो. बाहेरची पुली खरखरत असेल तर बहुधा फक्त क्लचचे बेअरिंग गेलेले असते आणि ते अनेक कॉम्प्रेसरमध्ये वेगळे बदलता येते. मधली प्लेट हललीच नाही तर कॉम्प्रेसर आतून जाम झाला आहे. प्लेट करपून निळसर पडली असेल तर वास क्लच घसरण्याचाही असू शकतो. हा फरक खर्चाच्या दृष्टीने फार मोठा आहे, म्हणून ‘कॉम्प्रेसर गेला’ एवढ्यावर समाधान मानू नका.

एसी बंद ठेवूनही वास येत राहिला, तर तो नेमका कधी येतो हे टिपून ठेवा. चढावर हाफ क्लचवर थांबल्यावर आला, तर एसीची नव्हे, गिअरच्या क्लचची प्लेट तापते आहे. गाडी थांबवल्यावर एकाच चाकाजवळ तीव्र वास आणि जास्त धग जाणवली (चाकाला स्पर्श करू नका), तर बहुधा ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) किंवा हँडब्रेक अडकला आहे. सिग्नलला उभे असताना बॉनेटखालून धूर आणि वास आला, तर तेल गरम एक्झॉस्टवर ठिबकत असण्याची शक्यता जास्त; प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटूनही असाच वास येतो. बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवल्यावर वास कमी झाला, तर उगम बहुधा इंजिनाकडे किंवा गाडीबाहेर आहे. तेवढाच राहिला, तर ब्लोअर आणि डॅशबोर्डमागची वायरिंग तपासावी.

वास रबरापेक्षा वितळलेल्या प्लास्टिकसारखा वाटला, तर मात्र निरीक्षण करत बसू नये. गाडी बाजूला घेऊन बंद करावी, सर्वांना बाहेर काढावे आणि बॉनेटखाली धूर किंवा ज्वाला नसेल तरच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर जळते. त्याचप्रमाणे वासासोबत बॅटरीचा दिवा लागला किंवा तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला किंवा सुटला असे समजून लगेच थांबावे. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर थोड्याच वेळात इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचे पॅकिंग) जाऊ शकते.

दोषी भाग बदलल्यावर सगळ्या पुलींच्या खाचा पुसून घ्याव्यात आणि आताचा बेल्ट चकचकीत झाला असेल, तर तो नवा असला तरी पुन्हा बदलावा. काही दिवसांनी बॉनेट उघडून कव्हरवर काळी भुकटी पुन्हा जमते आहे का, तेवढे पाहावे. जमली असेल तर एखादी पुली अजून जड आहे किंवा सरळ रेषेत बसलेली नाही.